राख लावलेलं पोतं

माझ्या मेव्हण्याने घरचं बी विकून खाल्लं, असं आमच्या नात्यात आजही बोललं जातं. मांडवात, तेरवीच्या पंगतीत, कुणाची थट्टा करायची झाली की हा विषय निघतोच. तो हसतो. इतकी वर्षं मीही हसत आलो. त्याने ते बी विकलं नव्हतं. ते माझ्या घरी आलं होतं आणि आम्ही त्याचा भात करून खाल्ला. मला सांगायचं आहे ते एवढंच. पण सांगायला बसलो की त्यात इतके धागे निघतात की नेमकी चूक कुठे झाली ते माझं मलाच कळेनासं होतं. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी मूळचा वरोऱ्याचा. आमच्याकडे कापूस. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत सगळं बोलणं कापसाचं. धान म्हणजे ताटात वाढलेला भात, त्यापलीकडे मला त्याची ओळख नव्हती. बायको मात्र झाडीची. तिचं माहेर गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून. तिथे धानाशिवाय दुसरं बोलणं नाही. लग्नानंतर मी सासरी जायचो तेव्हा अंगणातले पुंजणे पाहून त्यांना कडबा म्हणायचो आणि मेव्हणा हसायचा. पुंजणा म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचा रचलेला ढीग. मळणी होईपर्यंत धान त्यातच असतो. हे मला माहीत झालं होतं, तरी वेळेवर आठवलं नाही.

नोकरी ऊर्जानगरला, वीज केंद्रात. १९९९ साली मी कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर होतो. राहायला वसाहतीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, दुसऱ्या मजल्यावर. त्या वर्षी दिवाळीच्या आसपास वायटूकेचं बोलणं सुरू झालं. वर्ष बदललं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार, विमानं पडणार, बँका बंद होणार आणि वीज जाणार. वीज जाणार म्हटलं की लोक आमच्याकडे पाहायचे.

आम्हाला समजावून सांगायला बाहेरून एक साहेब आले होते. त्यांनी फळ्यावर दोन शून्यं काढली आणि मशीनला हे एकोणीसशे साल वाटेल असं सांगितलं. मी उठून विचारलं, ‘‘साहेब, आमच्या युनिटमध्ये बहुतेक काटे आहेत, रिले आहेत. त्यांना साल कुठं कळतं?’’ साहेब म्हणाले, ‘‘त्यांचा काही संबंध नाही. पण सांगता येत नाही.’’

या दोन वाक्यांचा अर्थ मी तेव्हापासून लावतो आहे. संबंध नाही तर सांगता का येत नाही? आणि सांगता येत नाही तर संबंध नाही हे कसं सांगता येतं? पण त्या दिवशी मी खाली बसलो. मग कंपनीच्या बसच्या थांब्यावर, भाजीवाल्याकडे, न्हाव्याच्या खुर्चीत लोक मला विचारू लागले, ‘‘भाऊ, तुम्ही तं पॅनेलवर असता. खरं सांगा, बंद पडनार काय?’’ मीही तेच सांगायचो. संबंध नाही, पण सांगता येत नाही. लोक दुसरं वाक्य तेवढं घेऊन घरी जायचे.

घरी बायकोने एक दिवस कमरेवर हात ठेवले. ‘‘तुम्ही तिथी कामाले जाता अन् तुम्हालेच माहीत नाई?’’

‘‘माहीत आहे. काही होणार नाही.’’

‘‘मंग घासलेट काऊन आणून राह्यले?’’

कॅन माझ्या हातातच होती.

असं आमचं घर भरायला सुरुवात झाली. मी ठरवून केलं असं नाही. एक वस्तू आणली की दुसरीची उणीव दिसायची. मीठ आणलं म्हणून गूळ. गूळ आणला म्हणून मुंग्यांपासून वाचवायला डबा. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक फिटर राहायचा, तोही वरोऱ्याचाच. त्याच्या अब्बांचं तिथल्या बाजारात पत्र्याचं दुकान होतं. मी त्याला भाई म्हणायचो. भाईने अब्बांना सांगून आमच्यासाठी झाकणाच्या कोठ्या करवून घेतल्या. त्या जिन्यातून वर चढवताना तो म्हणाला, ‘‘भाऊ, तुमची मशीन बंद पडो नाई तर चालो, आमच्या अब्बाची दुकान चालू झाली.’’

‘‘तू नाही का काही भरत?’’

‘‘मी काऊन भरू? तुमच्या घराची भिंत अन् माझी भिंत एकच आहे. एक वीट काढली की झालं.’’

थट्टा करायचा, पण पंधरा दिवसांनी त्याच्याही घरी दोन कोठ्या आल्या. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘तुमच्या भाभीनं तुमच्या कोठ्या पाह्यल्या.’’

आमच्या दिवाणाखाली लाखोळीची डाळ आली, न्हाणीवरच्या माळ्यावर चिंचेचे गोळे आणि वाळवलेल्या वांग्याच्या फोडी. बायको हे सगळं मन लावून करायची. तिच्या माहेरी पावसाळ्यात नाले भरले की बाजार तुटायचा, त्यामुळे साठवणीचं तिला नवल नव्हतं. नवल होतं ते माझं. शहरातल्या नोकरदार माणसाने साठवणीवर बोलावं याचं तिला थोडं हसू आणि थोडं कौतुक वाटत असावं.

मात्र एक गोष्ट कुणालाच उलगडत नव्हती. गहू भरून ठेवावे तर वीज गेल्यावर दळणार कुठे? पीठ दळून ठेवावं तर ते कडू होणार. भाईने कुठून तरी एक जातं आणलं. ते दुसऱ्या मजल्यावर फिरवलं की खालच्या क्वार्टरमधल्या बाई काठीने छताला ठोकायच्या. शेवटी ठरलं की तांदूळ सगळ्यात बरा. दळायला नको, टिकतोही. आणि तांदूळ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सासर आलं.

मेव्हणा बायकोपेक्षा धाकटा. सासरे गेल्यापासून शेती तोच करायचा. घरात सासूबाई, तो आणि त्याची बायको. त्यांच्या माजघरात बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली, माणसाएवढी ढोली होती. घरातला धान तिच्यात. ढोलीतून धान काढायचा तो घरच्या कर्त्या पुरुषाने, हा त्यांच्याकडचा मान होता. सासरे गेल्यावर तो मान मेव्हण्याकडे आला तेव्हा सासूबाईंनी त्याला टिळा लावला होता, मी पाहिलं आहे.

त्यांच्या गावच्या रस्त्यावर एक किराणा दुकान होतं आणि तिथे फोन होता. मी ऊर्जानगरच्या एसटीडीतून दुकानदाराला निरोप दिला. काय शब्द वापरले ते आता नक्की आठवत नाही. मला वाटतं मी म्हणालो, ‘‘घरात असेल तेवढा धान पाठव म्हणावं, लवकर.’’ मेव्हणा म्हणतो, दुकानदाराने सांगितलं की जावई म्हणतात सगळा धान पाठव, लाइट जाणार आहे. यातला ‘सगळा’ माझा की दुकानदाराचा, देव जाणे. दुकानदार आता नाही.

डिसेंबर होता. मेव्हण्याचा मुख्य धान, म्हणजे उशिरा येणारा भारी धान, अजून पुंजण्यात होता. मळणी व्हायला वेळ होता. आणि मी तर लवकर म्हटलेलं. घरात मोकळा धान होता तो ढोलीतला. थोडा मागच्या वर्षीचा उरलेला आणि थोडा हलका धान. हलका म्हणजे लवकर येणारा. त्यांची एक उंचावरची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत होतं, तिथे पाणी टिकत नाही. त्या बांधीत भारी धान होत नाही, हा हलकाच होतो. दिवाळीआधी जुना धान संपत आला की नेमका तो घरात यायचा. त्याचं बी बाजारात मिळत नव्हतं. सासूबाई लग्न होऊन त्या घरी आल्या तेव्हापासून ते घरातच राखलेलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासाठी धान तो धान.

मेव्हणा चार पोती एसटीच्या टपावर टाकून आला. त्याच दिवसांत माझी आई वरोऱ्याला आजारी होती आणि बायको तिची सेवा करायला गेली होती. घरी मी एकटा. मी आणि भाईने पोती वर चढवली. मी मेव्हण्याला पिठलं-भात करून वाढला. तो म्हणाला, ‘‘भाऊजी, खरंच लाइट जाते काय?’’

‘‘तसा संबंध नाही. पण सांगता येत नाही.’’

‘‘आमच्या इथी तं रोजच जाते. कोणाले समजतबी नाई.’’

जेवून लगेच निघाला. पुंजण्यांत रानडुकरं शिरत होती, राखणीला त्याची बायको एकटी होती. दारात चप्पल घालता घालता त्याने भिंतीला टेकवलेल्या एका पोत्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘‘हे पोतं बाई आली का तिले दाखवजा.’’ त्याची बाई म्हणजे माझी बायको, त्याची मोठी बहीण. मी हो म्हणालो.

हे वाक्य त्याने म्हटलं होतं. मला ते ऐकू आलं होतं. मला वाटलं, त्यातला धान चांगला आहे, बहिणीने कौतुकाने पाहावा असं त्याला वाटतं.

बायको यायला अजून काही दिवस होते. इकडे धानाच्या गिरणीवर गर्दी वाढत चालली होती. आमच्यासारखेच आणखी शहाणे निघाले होते. वीज गेली की गिरणी बंद, मग धान असून नसल्यासारखा, हा विचार माझ्या डोक्यात घट्ट बसला. पॅनेलवर काम करणाऱ्या माणसाला विजेवाचून काय काय अडतं ते जास्त दिसतं. त्या धानाला जमीन आणि पाणी लागतं, वीज लागतच नाही, हे मात्र दिसलं नाही.

मी पोती उघडली. तीन पोत्यांची तोंडं सुतळीने शिवलेली होती. चौथ्याचं, म्हणजे भिंतीला टेकवलेल्याचं, तोंड पळसाच्या पानांनी झाकून अंबाडीच्या वाखाने बांधलं होतं. आत हात घातला तर राख. धानाला राख चोळलेली आणि मधूनमधून कडुनिंबाची वाळकी पानं. मला वाईट वाटलं. वाटलं, घाईत चुलीजवळची झाडलोट आत गेली असेल. मग मी गच्चीवर चादर अंथरली, सगळा धान चाळून राख काढली, पानं वेचून फेकली आणि वाखाची दोरी कपडे वाळत घालायला कामी येईल म्हणून खिळ्याला अडकवली. सबंध दुपार गेली त्यात. भाई वर येऊन पाहून गेला. म्हणाला, ‘‘भाऊ, साळ्यानं राख देली. काही भांडन झालं काय?’’

दुसऱ्या दिवशी चारही पोती गिरणीत नेली आणि तांदूळ करून कोठ्यांत भरला. त्या चौथ्या पोत्याचा तांदूळ किंचित तांबूस आणि जाडसर निघाला. मला तोही भेसळीचा वाटला.

बायको आली. कोठ्यांची झाकणं उघडून पाहिली. मी मोठ्या आनंदाने दाखवत होतो. मग तिची नजर खिळ्यावरच्या दोरीकडे गेली. ‘‘हे कुठची?’’

‘‘पोत्याची. तुझ्या भावाने एक पोतं राखेने भरून आणलं होतं. साफ करता करता पाठ गेली माझी.’’

ती दोरी हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘भरडला तो?’’

‘‘सगळा भरडला. आता वीज गेली तरी चिंता नाही.’’

दोरी तिने घडी करून ट्रंकेत ठेवली. मला मेव्हण्याचं वाक्य तेव्हा आठवलं का? मला वाटतं आठवलं. मला असंही वाटतं की मी मुद्दामच ते बाजूला ढकललं, कारण तिचा चेहरा पाहून काहीतरी बिघडलं आहे एवढं समजलं होतं. पण काय बिघडलं ते विचारलं नाही. मागाहून या आठवणीवर मी इतक्या वेळा हात फिरवला आहे की मूळ किती उरली ते सांगता येत नाही.

एक जानेवारीला सकाळच्या पाळीला गेलो. सगळे काटे जागच्या जागी होते. चहा आला. कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरात नवीन साल लिहून ठेवलं होतं. घरी आलो तेव्हा भाई जिन्यात बसून दाढी करत होता. म्हणाला, ‘‘भाऊ, आता एवढं खायचं कोनी?’’

आम्ही खाल्लं. उन्हाळ्यापर्यंत खात होतो. लाखोळीची डाळ, चिंचेचं सार, वांग्याच्या फोडी, भात. तांबूस भात फुगून यायचा आणि त्याला एक वास होता, ओल्या गवतासारखा. भाईच्या बायकोला, भाभींना, तो खिरीला आवडायचा. वाटी घेऊन यायच्या आणि बायको भरून द्यायची. स्वतः मात्र ती तो भात ताटात घेत नसे. तिच्यापुरता ती वेगळा तांदूळ शिजवायची. मी समजायचो, तिला पांढराच भात आवडतो.

मृग लागायच्या आधी सासूबाई आमच्याकडे आल्या. एकट्या, एसटीने. त्या आमच्या घरी फार तर तीनदा आल्या असतील, कारण लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही ही त्यांची रीत होती. येताना फडक्यात भाजलेल्या लाखोळीचं पीठ आणि गूळ बांधून आणायच्या आणि तेच पाण्यात कालवून खायच्या. या वेळी डोळे दाखवायला आल्या म्हणाल्या. चंद्रपूरला डॉक्टर चांगले आहेत.

संध्याकाळी मी त्यांना घर दाखवलं. साठवणीचा अभिमान अजून ओसरला नव्हता. कोठीमागून कोठी उघडत मी सांगत होतो, ही डाळ, हे मीठ, हा तांदूळ. त्या प्रत्येक कोठीत कोपरापर्यंत हात घालत होत्या. तळाशी बोटं फिरवायच्या, मूठभर वर काढायच्या, डोळ्यांजवळ धरायच्या आणि परत सोडायच्या. तांबूस तांदळाच्या कोठीत त्यांचा हात बराच वेळ आत राहिला.

‘‘आनखी आहे काय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही, एवढंच उरलं. बाकी खाल्लं.’’

‘‘चांगलं ठेवलं जवाईबापू. कीड नाई लागली.’’

मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं होतं, पण त्या सकाळीच निघाल्या. डोळे बरे वाटतात म्हणाल्या. बायको त्यांना बसवर पोचवून आली आणि ट्रंकेतली वाखाची दोरी काढून पुन्हा ठेवली, एवढं मला आठवतं.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही सासरी गेलो तेव्हा घराचा नूर बदललेला होता. उंचावरची बांधी पडीत होती. मेव्हण्याने बाजारातलं बी आणून टाकलं होतं, ते निसवायच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या, आधीच पाणी आटून वाळलं. त्यांच्याकडे हलका धान घरात आला की नवं करायची रीत होती. नवा भात आधी देवाला आणि पितरांना, मग घरातल्यांनी खायचा. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमचं नवं नाई आलं अवंदा.’’ आणि मेव्हण्याकडे न पाहता पुढे म्हणाल्या, ‘‘घरचं बी इकून खाल्लं पोट्ट्यानं.’’

मी मेव्हण्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. जेवायच्या वेळी मेव्हण्याची बायको ढोलीतून धान काढत होती. सासूबाईंनी ढोलीचा मान मुलाकडून काढून सुनेला दिला होता. गावातही ते पसरलं होतं. पानठेल्यावर कुणीतरी त्याला म्हणालं, ‘‘काऊन गा, घरवालीले पुसून आला काय?’’ सगळे हसले. तोही हसला.

त्याच वेळी मला सगळं उमगलं. बियाला कीड लागू नये म्हणून चोळलेली राख, निंबाची पानं, पळस, बाईला दाखवा. एका क्षणात उमगलं असं वाटतं, पण कदाचित आधीच उमगलेलं असेल. मी बायकोला एकटीला गाठून विचारलं, ‘‘ते बी होतं का?’’

‘‘कोणतं?’’

‘‘राखेचं पोतं.’’

ती म्हणाली, ‘‘आता पुसून काय करता?’’

‘‘मी आईंना सांगतो.’’

‘‘सांगू नका. पेराच्या अगोदर मी त्याले भरडल्याचं सांगतलं, त्यानं मायले इकलं म्हणून सांगतलं आहे. तुम्ही सांगसान तं तो खोटा पडन.’’

आणि मी सांगितलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. सासूबाई आणखी काही वर्षं जगल्या. दर वर्षी म्हणायच्या, नवं नाही आलं. दर वर्षी मेव्हणा मान खाली घालायचा आणि दर वर्षी त्या माझ्यासमोर ताट ठेवून म्हणायच्या, ‘‘पोटभर जेवा जवाईबापू.’’

मला उलगडत नाही ते हे. त्याने विकलं यावर त्यांचा विश्वास होता, तर माझ्या कोठ्यांत कोपरापर्यंत हात कशासाठी घातला? आणि बी आमच्याकडे आलं हे त्यांना माहीत होतं, तर मुलाला जन्मभर बोल का लावला? लेकीच्या घरी गेलेलं धान्य परत मागायचं नाही, हे त्या घरात पक्कं होतं. म्हणजे मागायला आल्या नव्हत्या. मग कशाला आल्या होत्या? बायकोला विचारलं तर तिचं एकच उत्तर. ‘‘डोळ्यासाठी आली होती.’’ पंचवीस वर्षांत तिने उत्तर बदललेलं नाही.

सासूबाई गेल्यावर, त्यांची तेरवी आटोपल्यावर, मी मेव्हण्याला अंगणात गाठलं. तो ढोलीला शेण लावत होता. ढोली उघड्यावर काढलेली होती आणि मान परत त्याच्याकडे आला होता, कारण तो काढून घेणारं आता कुणी उरलं नव्हतं.

‘‘तू विकलं म्हणून आईंना का सांगितलंस?’’

‘‘मंग काय सांगू भाऊजी? जवायानं भरडलं म्हनू? तुम्ही दरसाली येता. तिनं तुमच्यापुढी ताट कसं ठेवलं असतं?’’

‘‘पण तू मला सांगितलं होतंस. बाई आली की दाखवा म्हणून. मीच...’’

तो शेणाचा हात तसाच धरून माझ्याकडे पाहू लागला. ‘‘मी सांगतलं होतं?’’

‘‘हो. दारात. चप्पल घालताना.’’

‘‘नाई जी. मी तं सांगाचंच भुललो. एसटीत बसल्यावर ध्यानात आलं. उतरू उतरू केलं, पन घरी डुकरं होते. मी तं आजलोक माझीच चूक धरून बसलो.’’

‘‘अरे, तू बोट दाखवलं होतंस पोत्याकडे.’’

‘‘बोट दाखोलं असन. बोलल्याचं याद नाई.’’

आता यावर काय करावं? मला ते वाक्य शब्दाला शब्द आठवतं. तो म्हणतो बोललोच नाही. मला सोडवायला तो खोटं बोलतो आहे का? त्याचा चेहरा तसा नव्हता. की पुढे जे कळलं त्यावरून ते वाक्य मीच त्याच्या तोंडी घातलं? असं असेल तर माझा दोष कमी होतो, आणि दोष कमी होतो म्हणूनच मला त्याचं म्हणणं पटवून घ्यायची भीती वाटते. मी विचारलं, ‘‘आणि बीच होतं तर पाठवलंस का?’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही सगळा म्हनलं. तुम्ही पावरहौसात. मले वाटलं, तुमच्या इथी पत्र्याच्या कोठ्या आहेत, बाई आहे, बी ढोलीपरीस तिथी बरं राहीन. पेराच्या येळी घेऊन जाऊ. बी ठेवाले देल्लं होतं मी. ठेवलेलं वापस नेता येते. देल्लेलं नाई येत.’’

म्हणजे मी जे घर भरत होतो त्या घरात, खरोखर राखून ठेवायला आलेली वस्तू ते एक पोतंच होतं.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. पंगतीत कुणीतरी भाताची थट्टा केली. ‘‘भात बेतानं खा रे, नाई तं सोयरा बी इकन.’’ मी ताटावरून उठलो. मी आता म्हातारा झालो आहे, उठायलाही वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष गेलं. मी म्हणालो, त्याने बी विकलं नाही. ते माझ्या घरी पाठवलं होतं. मी ते भरडून खाल्लं.

मग एक म्हातारा, गावातलाच, म्हणाला, ‘‘पाहा, जवाई असावा तं असा. साळ्यावरची गोष्ट आंगावर घेते.’’ आणि सगळे पुन्हा हसले, या वेळी मायेने. कुणीतरी माझ्या पानात तूप वाढलं. मी मेव्हण्याकडे पाहिलं, म्हटलं सांग बाबा. तो म्हणाला, ‘‘बसा भाऊजी, भात थंडा होऊन राह्यला.’’ बायको वाढत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘जेवा आता.’’

असं माझं खरं बोलणं माझ्याच चांगुलपणाच्या खात्यात जमा झालं. मेव्हणा आहे तिथेच राहिला. बसमध्ये मी बायकोला म्हणालो, तू एक शब्द बोलली असतीस तर लोकांनी मानलं असतं. ती खिडकीबाहेर पाहत होती. तिकडेच पाहत म्हणाली, ‘‘मी दोरी पाह्यली तव्हाच बोलाची होती. तांदूळ कोठीत होता, पन भारी धानाचा एक पुंजना अजून मोडला नव्हता. त्याच्या बदल्यात माय दुसऱ्या गावावरून हलक्याचं बी मागून आनू शकली असती, येळ होता. मी नाई बोलली. तुम्ही एवढे खुश होते.’’

म्हणजे आता तिघं आहोत. मी, मेव्हणा आणि बायको, प्रत्येकाचं म्हणणं की चूक आपलीच. तिघांपैकी कोणाचं खरं ते मला ठरवता येत नाही आणि आता ठरवायचंही नाही. तोंडाने सांगून लोक मानत नाहीत, म्हणून हे कागदावर ठेवतो. यापुढे कुणी पंगतीत ती थट्टा केली तर हे एवढं वाचून दाखवावं. धानाला चोळलेली राख मी चाळली. निंबाची पानं मी फेकली. वाखाची दोरी आमच्या ट्रंकेत आहे, कुणालाही पाहता येईल. ते पोतं गिरणीत मी नेलं. मेव्हणा त्या दिवशी गिरणीच्या जवळपासही नव्हता, तो गावी पुंजण्यांची राखण करत होता.